गुडमारचा पाला आन् अप्पांचा अंगठा

सत्तावीस वर्षं मी बाजारात बसून शुगरचं औषध विकलं. त्यातली शेवटची पाच वर्षं मला सवताला शुगर होती, आन् मी दवाखान्यातल्या गोळ्या खात होतो. आता हसायचं तर हसून घ्या, म्हंजी पुढचं नीट ऐकता येईल.

मी गंगाराम. राहणार उमरीकडला. शाळेत मी दोनदा गेलतो. एकदा नाव घालायला आन् एकदा मास्तरच्या दाढंला लवंगाचं तेल द्यायला. लिहिता मला येत न्हाई. मी बोलून राह्यलो आन् सून लिहून घेऊन राह्यली. सून गावात आशाताई हाय. म्हंजी एकाच घरातून सासरा सकाळी पाला घेऊन निघायचा आन् सून गोळ्या घेऊन. ती म्हणती, "मामा, दिवाळी अंकात लोक चांगलं चांगलं सांगतेत." म्हणलं, "बाई, चांगलं केलं असतं तर सांगितलं असतं की."

मला सांगायचं ते एका पायाचं. चाकूरला गुळाचे व्यापारी हायत, शिवमूर्तअप्पा. कपाळाला इभूती, गळ्यात लिंग, हातात छत्री, आन् बोलणं असं की समोरच्यानं आपली चूक नसताना माफी मागावी. त्या अप्पांचा पाय माझ्या तोंडापायी जाता जाता राह्यला. पण पायाकडं जायच्या आधी तुम्हाला दुकान दाखवतो, न्हाईतर कळायचं न्हाई की इतक्या शहाण्या माणसाला माझ्यासारख्यानं कसं गंडवलं.

दुकान म्हंजी भुईवर हिरवी ताडपत्री. तिच्यावर काचंच्या बरण्या, साली, बिया, मुळ्या. मधोमध एक हातभर लांब वाळलेलं मूळ, दोन पाय दोन हात असल्यागत. ते विकायचं न्हाई. ते फकस्त जाणारा माणूस थांबवायला. लोक इचारायचे, हे कशाचं? मी म्हणायचो, नाव घेतलं की गुण जातो. खरं म्हंजी मला बी ठाव न्हाई कशाचं हाय ते. बाभळीचं असंल.

"जंगलातला माल, जंगलातला माल" म्हणून मी वरडायचो. माल यायचा नांदेडच्या ठोक दुकानातून, पोत्यानं. जंगलात मी जिंदगीत एकदाच गेलतो, माहूरकडं. एक माकड मागं लागलं, माझी भाकर घेऊन गेलं, वरून दात दाखवले. तवापासून जंगलाला मी खालूनच हात जोडतो.

माहूरच्या यात्रंत मात्र मी न चुकता बसायचो. देवीला आलेला माणूस जाताना कायतरी घेऊन जातोच. एकदा एक आजी आली, नऊवारी, सोन्याच्या पाटल्या. म्हणली, "बाबा, शतावरी हाय का? पण ह्याच डोंगरातली पाहिजे." म्हणलं, "आजी, पहाटं उकरली." आजीनं किलोभर घेतली, भाव चौपट, आन् वरून माझ्याच पाया पडायला लागली. मी म्हणलं नको आजी, तेवढं पाप नको. तेवढंच नको म्हणलं, बाकी समदं घेतलं.

पुढच्या महिन्यात माल भरायला नांदेडला गेलो. ठोकवाला सेठ लई खुशीत. म्हणला, "गंगाराम, बस. आमच्या आईनं माहूरहून शतावरी आणली. असला माल तू डोळ्यानं बघितला नसशील. वास घे." मी वास घेतला. त्याच्याच दुकानातल्या पोत्याचा वास. शतावरीत त्याच्याच पोत्याची निळी सुतळी बी होती, बोटभर.

"सेठ," म्हणलं, "असा माल आम्हाला कुठून मिळायचा?"

"तेच म्हणतो मी," सेठ म्हणला. "तुम्ही बाजारवाले काय बी विकून राहता."

आता असं नका समजू की समदंच खोटं होतं. सुंठ, ओवा, हिरडा, अडुळसा, ज्येष्ठमध ह्यांच्या इरोधात मी एक शब्द बोलणार न्हाई. खोकला आला, पोट धरलं, तर ते कामाला येतेत. पण ओवा इकून मजमा, म्हंजी गर्दी, जमत न्हाई. ओवा तर घरोघरी डब्यात असतो. मजमा जमवायचा तर मोठा मर्ज पाहिजे. गुडघा, चक्कर, टक्कल, शुगर.

आन् मोठ्या मर्जाचं औषध कसं बनायचं ते सांगतो. आमच्या धंद्याचा राजा म्हंजी सोनामुखी. जुलाबाचा पाला. गुडघ्याच्या चूर्णात सोनामुखी, चकरंच्या चूर्णात सोनामुखी, केसाच्या चूर्णात बी सोनामुखी. सकाळी माणूस तीनदा बाहीर जाऊन आला की त्याला वाटतं औषध लागू पडलं. पोट मोकळं झालं की रोग बी तिकडूनच गेला, असा आपल्या लोकांचा हिशेब. एक जण केसासाठी नेऊन आठ दिसांनी परत आला. म्हणलं, "केस?" म्हणला, "केस न्हाई आले, पण लई हलकं वाटून राह्यलं." आन् अजून एक पुडी घेऊन गेला. मला सवताला पार टक्कल हाय. केसाचं औषध मी टोपी घालून विकायचो, उन्हाळ्यात बी.

पण ज्याच्यावर माझं घर चाललं तो गुडमारचा पाला.

ह्या पाल्याचा एक खराखुरा गुण हाय, त्यात माझी काय बी करामत न्हाई. दोन पानं चावली की अर्धा तास जिभंला गोड कळत न्हाई. साखर टाका, रेती. गूळ टाका, माती. पेढा टाका, भिंतीचा गिलावा. तिखट कळतं, खारट कळतं, फकस्त गोड तेवढं मरतं. हा खेळ दिवसाला मी पंधराएक जणांना दाखवायचो आन् दरवेळी एक पान सवता चावायचो, भरोसा बसावा म्हणून. माझ्या बायकोनं तितक्या वर्षांत किती पुरणपोळ्या केल्या असतील, मला एकीची चव सांगता येणार न्हाई. बाजारातून येऊन मी जेवायला बसायचो आन् म्हणायचो, "ह्याच्यात गूळ टाकला का न्हाई?" ती म्हणायची, "तोंड धुवून या आधी, मग माझी चूक काढा."

अप्पा पहिल्यांदा आले तो चाकूरचा बाजार मला चांगला आठवतो. गर्दी जमलती. मी वरडून राह्यलो होतो. अप्पा छत्रीनं वाट करत पुढं आले.

"ए वैद्या, लई वराडायलास. काय हाय ते?"

"पाला हाय अप्पा. चावून बघा."

"चावतो. पण वरून तुझी साखर खाणार न्हाई. त्यात तू काय मिसळलास कुणाला ठाव. गूळ माझ्या दुकानातला येऊ दे."

दुकान समोरच. हमालानं गुळाचा खडा आणला. अप्पांनी पाला चावला, डोळे मिटले, गूळ टाकला. मग जे तोंड झालं ते मी कवाच इसरणार न्हाई. थू करून थुकले आन् हमालावर वरडले, "कंच्या ढेपीतला आणलास रं? ही माती हाय!" हमालानं दुसऱ्या ढेपीतला आणला. मातीच. तिसऱ्या. मातीच. पन्नास वर्षं गूळ विकलेला माणूस बाजाराच्या मधी उभा राहून आपल्याच मालाला माती म्हणून राह्यला आन् समदा बाजार हसून राह्यला.

तवा मी माझं वाक्य टाकलं. ते वाक्य मी वर्षानुवर्षं घासून तयार केलतं. "अप्पा, तोंडातली साखर एका पानानं मेली. मग रक्तातली किती दिवस टिकंल?"

अप्पांना शुगर होतीच, समद्या चाकूरला ठाव होतं. त्यांनी दोन महिन्याचं चूर्ण घेतलं आन् त्यांचं बघून बाकीच्यांनी ताडपत्री मोकळी केली. माझ्या जिंदगीतलं ते सगळ्यात झकास वाक्य होतं आन् सगळ्यात खोटं बी. जीभ मरते, साखर मरत न्हाई, एवढं तर मला बी कळत होतं. पण वाक्य चालून राह्यलं होतं, आन् चालणारं वाक्य कोण थांबवतो?

आता माझी शुगर. ती अप्पा यायच्या आधीचीच. सून नवी नवी आशाताई झालती. मशीन आणलं, पहिलं बोट टोचायला कुणी मिळंना. म्हणली, "मामा, बोट द्या." दिलं. आकडा बघून तिनं दुसरं बोट मागितलं. मग तिसरं.

"मामा, तुमचं ते शुगरचं चूर्ण किती दिसापासून खाऊन राह्यलाव?"

"मी? मी कामून खाऊ? ते विकायचं हाय."

ती हसली न्हाई. आज लिहिता लिहिता हसून राह्यली, तवा न्हाई हसली. दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू केल्या आन् रोज समोर उभी राहून गिळायला लावल्या. पण बाजाराच्या दिवशी दुपारची गोळी बाजारातच घ्यावी लागायची. मग मी गोळ्यांची पट्टी बेहड्याच्या बरणीत खाली दाबून ठेवायचो. नुसता बेहडा कुणी मागत न्हाई. दुपारी गर्दीकडं पाठ करून भाकर खायची आन् भाकरीच्या घासात गोळी. लाज वाटायची का? खरं सांगतो, न्हाई. कुणी बघंल, एवढीच भीती वाटायची.

एका बाजारी अप्पा आले ते हसतच. त्यांना मी हसताना कमीच बघितलतं.

"गंगाराम, गोळ्या टाकल्या की गा."

"कंच्या गोळ्या?"

"शुगरच्या. दोन टाइम दोन खायचो, सोडल्या. आता तुझं चूर्ण आन् तुझा पाला. आन् मी एक अक्कल लढवली बघ. धंद्यात बसलं की दिवसाला आठ चहा होतेत. लग्नाला गेलं की जिलबीचा आग्रह. न्हाई म्हणावं तर माणूस रुसतो. आता मी आधी पान चावतो, मग चहा काय आन् जिलबी काय. गोड लागतच न्हाई म्हणल्यावर ते गोड खाल्लं असं कसं म्हणायचं? माती की ती."

आता तुम्हीच सांगा, ह्याच्यावर मी काय बोलायला पाहिजे होतं? म्हणायला पाहिजे होतं, अप्पा, जिभंला माती हाय, पोटाला जिलबीच हाय. म्हणायला पाहिजे होतं, गोळ्या टाकू नका. तेवढंच. पण भोवती पाच सहा गिऱ्हाईकं उभी होती, अप्पांसारखा माणूस माझ्या औषधाची तारीफ करून राह्यला होता, आन् माझ्या पाठीमागं बेहड्याच्या बरणीत माझी गोळी होती. मी मान डोलवली. बोललो बी न्हाई, नुसती मान डोलवली. ज्येष्ठमध चघळत बसलेल्या म्हशीगत.

नंतर सात आठ महिने अप्पा येत राह्यले, पाला नेत राह्यले. वाळत चाललेते. मी म्हणायचो, "अप्पा, अंग हलकं झालं." ते म्हणायचे, "तुझाच गुण."

मग तो बाजार. दुपारची येळ, मजमा भरात आलता. एका जवान पोराला पाला चारून साखर टाकायच्या बेतात होतो. अप्पा आले, सरळ ताडपत्रीच्या काठावर बसले आन् म्हणले, "गंगाराम, जखमंचं तेल दे. नवी चप्पल लागली जरा." आन् पायताण काढलं.

उजव्या पायाचा अंगठा काळा पडलता. जळक्या लाकडागत. बाजूनं पिवळं. मला आधी वास आला, मग दिसलं. पाला चावून माझी जीभ मेलती, नाक न्हाई.

"अप्पा, कवापासून हाय हे?"

"झाले असतील वीस दिवस. पण दुखत न्हाई बघ अजिबात. तुझ्या औषधाचाच गुण. आमच्या साडूला इतकंसं लागलं तर रातभर कण्हायचा."

दुखत न्हाई म्हणल्याबरोबर मी हातातली साखर खाली ठेवली. सुनंनं मला घोकून घोकून सांगितलतं, मामा, पायाला लागलं आन् दुखलं न्हाई तर समजा काम बिघडलं. रोज पाय बघा. मी रोज बघायचो, माझा. अप्पांचा कवा बघितलाच न्हाई.

"अप्पा, दवाखान्यात चला. आत्ताच."

"कशाला? तू हायस की."

"मी न्हाई, अप्पा."

"न्हाई कसा? तीन वर्षं तूच तर हायस." आन् गर्दीकडं बघून म्हणले, "बघा, किती नम्र माणूस हाय. डॉक्टर असता तर आतापस्तोर चिठ्ठी फाडली असती."

गर्दी माना डोलवायली. माझ्यासारख्याच. अप्पा म्हणले, "तेल दे, मला दुकान हाय." मी म्हणलं हे तेलाचं काम न्हाई. ते म्हणले, मग लेप दे. मी म्हणलं लेपाचं बी न्हाई. आता त्यांना राग यायला लागला. ज्या माणसाला इतकी वर्षं मी पढवलं होतं, तो माझ्यावर इश्वास ठेवून माझंच ऐकेना.

मग मी बेहड्याची बरणी घेतली आन् ताडपत्रीवर पालथी केली. बेहडे घरंगळत गेले. मधी ती पट्टी पडली, चमकणारी.

"हे काय?" अप्पा म्हणले.

"माझ्या गोळ्या. शुगरच्या."

"तुझ्या?"

"हाव. मला शुगर हाय. पाच वर्षं झाली. मी गोळ्याच खातो अप्पा. पाल्यानं जीभ मरते, साखर मरत न्हाई."

अप्पांनी पट्टी उचलली, उलटी करून बघितली. ह्याच गोळ्या त्यांनी टाकलत्या.

"तू गोळ्या खायलास," अप्पा हळू म्हणले, "आन् मी पाला खायलोय?"

"हाव अप्पा."

"आन् मी टाकल्या म्हणलो तवा?"

"तवा बी खात होतो."

गर्दीतून कुणीतरी म्हणलं, "ए वैद्या, मग आम्ही काय इतके दिवस गवत खाल्लं का?" आन् तो पोरगा, ज्याच्या तोंडात पाला होता, तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा. थुकावं का गिळावं त्याला कळंना.

अप्पांनी छत्री उचलली. समद्यांना वाटलं आता पडली. मी डोकं खाली घातलं, टोपी सुदिक काढली, म्हंजी बरोबर लागंल. पण छत्री पडली न्हाई. अप्पा ती टेकून उठायला बघून राह्यले होते. म्हणले, "मारलं असतं. पण आधी गाडी बघ."

काळीपिवळीनं लातूरला नेलं. मी मागल्या सीटवर त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसलो. लेकानं धरायचा पाय, तो मी धरला. लेक येणार होता, फोन केलता. मी मनात माहूरच्या देवीला म्हणून राह्यलो होतो, आई, तुझ्या डोंगराच्या नावानं लई मुळ्या विकल्या, त्या आजीची शतावरी बी माझ्या नावावर हाय, पण ह्या पायाचं माझ्या नावावर लिहू नको.

दवाखान्यात डॉक्टर तरणा होता. पाय बघून त्याचं तोंड पडलं. शुगर बघून अजून पडलं.

"आजोबा, गोळ्या का बंद केल्या? कोणाच्या सांगण्यावरून? काय घेत होता?"

"पाला," अप्पा म्हणले.

"कसला पाला? कोण आहे तो गाढव?"

मी पिशवी उराशी धरून भिंतीकडं बघून राह्यलो. अप्पांनी हात वर केला आन् माझ्याकडं दाखवला. "हा काय. पिशवी धरून उभा हाय."

डॉक्टर मला काय काय बोलला ते सून लिहायला तयार न्हाई. पण एक सांगतो, त्यातला एक शब्द बी मला जास्तीचा वाटला न्हाई. मग तोवर आलेल्या अप्पांच्या लेकाला त्यानं सांगितलं, अंगठा जाणार. पाय राहील का ते दोन दिवसांनी कळंल.

ते दोन दिवस मी दवाखान्याच्या बाहीर बसून काढले. लिंबाच्या झाडाखाली. लोक येऊन बाजूला बसायचे, इचारायचे, कोण हाय तुमचं आत? मी म्हणायचो, गिऱ्हाईक.

अंगठा गेला. पाय राह्यला.

चाकूरला परत जायचं म्हणल्यावर मी मार खायची तयारी करून गेलो. अंगात दोन बंड्या घातल्या. ताडपत्री टाकली, पण गुडमार ठेवला न्हाई, सोनामुखी ठेवली न्हाई, माणसाच्या आकाराचं ते मूळ चुलीत घातलं होतं. सुंठ, ओवा, हिरडा, अडुळसा. म्हणलं, बघू. आन् गर्दी झाली हो! पहिल्यापेक्षा जास्ती. एक जण म्हणला, "हाच तो, खरं बोलणारा वैद्य." एक बाई म्हणली, "दादा, आमच्या मालकाला गुडमार पाहिजे." म्हणलं, बाई, तो बंद केला, त्यांना दवाखान्यात न्या. तिला वाटलं मी भाव वाढवून राह्यलो. आन् एक जण तर कानाशी येऊन म्हणला, "ते जाऊ द्या. तुम्ही सवता बरणीत लपवून खाता ती गोळी द्या. त्यातली खरी चीज तीच हाय म्हणून गावात बोलून राह्यलेत."

तीच गोळी त्याच्या गावच्या दवाखान्यात फुकट भेटती. सांगितलं तर म्हणला, "ती न्हाई. तुमच्या बेहड्यात मुरलेली पाहिजे."

मी डोक्याला हात लावून बसलो. इतक्या वर्षांत माणसं मीच अशी करून ठेवलेली.

तवा समोरच्या गुळाच्या दुकानातून अप्पा आले. काठी एका हातात, छत्री दुसऱ्यात. माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. ताडपत्रीच्या काठावर बसले, त्याच जागंवर, आन् चप्पल काढून पाय गर्दीच्या तोंडासमोर लांब केला.

"कुणाला पाला पाहिजे?" अप्पा म्हणले. "या. आधी हे बघा. मोजा."

गर्दी पांगली. मी वर्षानुवर्षं पोट फोडून वरडायचो, ते अप्पांनी चार बोटांत केलं.

आता दर बाजारी अप्पा येऊन बसतेत. सुंठ मागायला आलेल्याला बी पाय दाखवतेत. शुगरवाला दिसला की मी सुनंचं नाव सांगतो, तिच्याकडं जा. पाय दाखवून झाला की चप्पल घालायची पंचाईत होते. अप्पांच्या चपलीला अंगठ्याची वादी हाय आन् अंगठा न्हाई, तवा ती पायात राहत न्हाई. मग मी खाली बसतो आन् मागून पट्टा आवळून बांधतो. नव्या माणसाला वाटतं, वैद्य व्यापाऱ्याच्या पाया पडून राह्यला.

अप्पा वरून म्हणतेत, "नुसता बांधू नको. मोज."

"चार हायत, अप्पा."

"ध्यानात ठेव. पुढल्या बाजारी तीन भरली तर ही छत्री हाय आन् तू हायस."